ख्याल गाणारा गळा जॅझ स्टँडर्ड गातो तेव्हा: ‘फ्यूजन’ हा शब्द बाजूला ठेवून

संगीतावर संशोधन करायचं म्हणून तुम्ही मला जे प्रस्ताव वाचायला पाठवता, त्यांतल्या बऱ्याच प्रस्तावांत पहिल्याच परिच्छेदात ‘फ्यूजन’ हा शब्द येतो. दुसऱ्या परिच्छेदात हमखास एक वाक्य असतं: हिंदुस्थानी संगीत आणि जॅझ या दोन्हींत उत्स्फूर्त विस्तार असतो, म्हणून ही दोन संगीतं मुळात जवळची आहेत. वाक्य चुकीचं नाही. पण त्यावर संशोधन उभं राहत नाही, कारण त्यात कोणी काही काम करताना दिसतच नाही. दोन संगीतं आपापली चालत येतात, भेटतात आणि मिसळतात. गाणारी बाई कुठे आहे? तिचा रियाज, तिच्या शिकवण्या, तिची शेवटची गाडी कुठे आहे?

आज मला एवढंच सांगायचं आहे. शास्त्रीय गायक जॅझ गायला लागतो तेव्हा त्याला उत्स्फूर्तता शिकावी लागत नाही, ती त्याच्याकडे असतेच. त्याला बदलावं लागतं ते काम: कान कशावर टेकवायचा, ताल कुठे मोजायचा, वही कशी ठेवायची, कोणाचं ऐकायचं, रात्री घरी कधी परतायचं. तुमचा संशोधन-प्रश्न या कामातून काढा. मी रोह्याला राहते आणि पेणपासून इकडच्या पट्ट्यात गाणं शिकणारी-शिकवणारी माणसं रोज बघते, म्हणून उदाहरणं इथलीच घेणार आहे. त्याआधी थोडं संगीताचं बोलावं लागेल. कंटाळू नका, हार्मोनिअम असेल तर जवळ घ्या.

आधी ‘स्टँडर्ड’ म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत साधारण 1920 ते 1950 या काळात ब्रॉडवेची नाटकं आणि हॉलिवूडचे सिनेमे यांसाठी जी गाणी लिहिली गेली, त्यांतली काही जॅझवाल्यांनी उचलली आणि ती नाटक-सिनेमा विसरला गेल्यावरही वाजत राहिली. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. नाट्यपदांचं नेमकं हेच झालं. नाटक कोणी पाहिलेलं नसतं, पण पद मैफिलीत येतं, गायक ते आपल्या पद्धतीने फुलवतो. जॅझमध्ये अशा गाण्याची चाल आणि तिच्याखालची कॉर्डची मालिका एवढंच पक्कं असतं. बाकी सगळं त्या रात्री ठरतं. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत एकाच साच्यातून गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी करणारा हात बदलला की मूर्ती बदलते. तसंच काहीसं. फक्त इथे साचाही डोळ्यांदेखत फिरत असतो, आणि खरी अडचण तीच आहे.

‘ऑटम लीव्ह्ज’ हे फार वाजवलं जाणारं एक स्टँडर्ड घेऊ. मूळ चाल जोसेफ कोस्मा यांची, 1945 मधली, गाणं फ्रेंच. इंग्रजी शब्द नंतर जॉनी मर्सर यांनी केले. मी हेच का निवडलं? कारण आपल्या कानाला ते पहिल्या भेटीतच ओळखीचं वाटतं. पांढरी पाच सा धरा. सुरुवातीच्या चार छोट्या वाक्यांत चाल ज्या सुरांवर थांबते ते सूर असे: कोमल धैवत, पंचम, मध्यम, कोमल गंधार. झालं! आसावरी थाटाचं माणूस लगेच म्हणेल, हे तर आपलंच. मधे एकदा चढताना शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद लागतात तेव्हा ते जरा दचकेल, पण मिश्र म्हणून सोडून देईल.

आता दोन-दोन पट्ट्या एकत्र दाबा. कोमल धैवताबरोबर खाली मध्यम. पंचमाबरोबर खाली कोमल गंधार. मध्यमाबरोबर खाली रिषभ. कोमल गंधाराबरोबर खाली सा. बॅस वाजवणारा त्या-त्या ठिकाणी साधारण हेच खालचे सूर धरून असतो (त्यांच्या मधे आणखी कॉर्ड येतात, ते तूर्त सोडून देऊ). ऐकू आलं? वरचा प्रत्येक सूर हा खालच्या सुराचा गंधार आहे. पहिला कोमल गंधार, दुसरा शुद्ध, तिसरा आणि चौथा पुन्हा कोमल. म्हणजे तुम्ही ज्याला धैवत, पंचम, मध्यम, गंधार म्हणून गायलात, ते जॅझच्या कानाला चार वेगवेगळ्या घरांतले चार गंधार आहेत. सूर तेच, पण त्यांचं नातं दर दोन पावलांवर बदललं.

ख्याल गाणाऱ्याचं सगळं शिक्षण याच्या उलट दिशेने झालेलं असतं. तानपुऱ्याचा षड्ज हलत नाही. तो हलत नाही म्हणूनच बाकीच्या सुरांना अर्थ येतो. धैवताला ‘लावायचा’ म्हणजे षड्जाच्या संदर्भात त्याची जागा शोधायची. वीस-वीस वर्षं हा कान घडवलेला असतो. मूर्च्छनेने षड्ज बदलून दाखवणारे आपल्याकडेही आहेत, पण तो मैफिलीतला एखादा अलंकार असतो, एकदा दाखवायचा आणि परत यायचं. जॅझमध्ये तो अलंकार नाही, तो रस्ताच आहे. ‘ऑटम लीव्ह्ज’ त्यातलं सोपं. जेरोम कर्न यांचं 1939 मधलं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गाणं तर एका घरात बसतच नाही, एका षड्जावरून दुसऱ्यावर सरकत जातं. ‘बॉडी अँड सोल’मध्ये (1930) मधला भाग एका अर्ध्या सुराने वर उचलला जातो आणि मग गायिकेला तिथून परत खाली आणतो.

तानपुरा लावून ‘ऑटम लीव्ह्ज’ गाऊन बघा. सुंदर वाटेल. पण ते जॅझ नसेल, कारण तुमचा कान चारही वेळा सा-लाच चिकटून राहील. मला विचाराल तर ‘फ्यूजन’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं इथेच थांबलेलं असतं. खाली एक कॉर्ड किंवा एकच बॅसचा सूर धरून ठेवायचा, वर राग गायचा, मागे ड्रमसेट. त्याला नावं ठेवायची गरज नाही, त्यात चांगलं संगीतही झालेलं आहे. पण त्यात गायकाने आपला पाया हलवलेला नसतो. संशोधक म्हणून तुम्हाला हा फरक ऐकू आला पाहिजे, नाहीतर दोन वेगळ्या प्रकारची कामं तुम्ही एकाच नावाखाली टाकाल.

तालाचं थोडक्यात. बहुतेक स्टँडर्ड 32 बारांची असतात, बारात 4 मात्रा, म्हणजे एक फेरी 128 मात्रांची. तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. गणित जुळलं म्हणून खूश होऊ नका. तीनतालात दर 16 मात्रांनी सम येते आणि तबला ठेक्यातून तुम्हाला सांगत राहतो की तुम्ही कुठे आहात. जॅझमध्ये असा ठेका नाही. तुम्ही कुठे आहात हे कॉर्डवरून ओळखायचं. शिवाय टाळी पहिल्या मात्रेवर नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भजनाच्या ठेक्यात वाढलेला हात आपोआप एकवर पडतो. हे हाताचं वळण मोडायला डोक्यापेक्षा शरीराला जास्त वेळ लागतो.

आता इतिहासाकडे येऊ, कारण प्रस्तावात ‘पूर्वी कोणी केलं’ हे विचारतातच. मराठी मुलखात शोधलं तर थेट स्टँडर्डच्या आधीच्या पायऱ्या सापडतात. प्रभातच्या ‘कुंकू’त (हिंदीत ‘दुनिया न माने’, 1937) शांता आपटे यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे. संगीत केशवराव भोळे यांचं. जॅझचा इथे संबंध नाही, पण आपल्या संगीतात तयार झालेला गळा इंग्रजी शब्द तोंडात घेतो तेव्हा काय होतं, याचा हा फार जुना आणि ऐकायला मिळणारा पुरावा आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो. इंग्रजीत शब्दातल्या एकाच अवयवावर जोर येतो आणि बाकीचे गिळले जातात. आकारात मोकळा झालेला गळा त्या गिळलेल्या स्वरांचं काय करतो, एवढ्या एका प्रश्नावर सेमिनार-पेपर होईल. (मी करणार होते. तुम्ही केलात तरी चालेल.)

मग सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. ‘अलबेला’ (1951) आणि ‘शिन शिनाकी बूबला बू’ (1952) या चित्रपटांतून त्यांनी स्विंगची उसळी हिंदी गाण्यात आणली आणि चितळकर या नावाने स्वतः गायलेही. पण हे काम त्यांनी एकट्याने केलं नाही, आणि संशोधनाला तेच महत्त्वाचं आहे. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक त्यांच्याबरोबर होते. ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. ताजमहाल हॉटेलात 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला अमेरिकन वाद्यवृंद घेऊन आले होते. पुढे मिकी कोरिया यांचा बँड तिथे 1939 पासून दोन दशकं वाजवत होता. गोव्याच्या वादकांना चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन येत होतं. संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर सांगे आणि अरेंजर ती कागदावर उतरवून वाद्यांत वाटून देई. म्हणजे दोन संगीतांच्या मधे एक माणूस होता, त्याच्या हातात पेन्सिल होती आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव बहुधा नसे. ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) आणि नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही पुस्तकं या माणसांसाठी वाचा. सी. रामचंद्रांचं आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ही त्यांच्या शेजारी ठेवा. संगीतकाराच्या खुर्चीतून दिसणारं आणि वादकाच्या खुर्चीतून दिसणारं काम एकसारखं नसतं.

थेट जॅझमध्ये गेलेला गळा म्हटलं की मला आशा पुथली यांच्याकडे यावंच लागतं. जन्म मुंबईचा, 1945. लहानपणापासून हिंदुस्थानी गायकीचं शिक्षण, जोडीला पाश्चात्त्य ऑपेराचं. जॅझ कानावर पडलं ते रेडिओवरून, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या कार्यक्रमांतून. साठच्या दशकात त्या मुंबईत जॅझ गात होत्या. लेखक वेद मेहता यांनी मुंबईतल्या जॅझवर जे लिहिलं, ते त्यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’त (1970) आहे आणि त्यात पुथली भेटतात. पुढे विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी, मग मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्क. तिथे कोलंबिया रेकॉर्ड्सचे जॉन हॅमंड यांच्यामार्फत त्या ऑर्नेट कोलमन यांच्यापर्यंत पोचल्या आणि 1971 मध्ये कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी दोन गाणी गायली.

या ओळी वाचताना तुम्ही ‘प्रतिभावान मुलगी अमेरिकेत गाजली’ अशी गोष्ट मनात रचली असेल. ती बाजूला ठेवा आणि पुन्हा कामाकडे बघा. नोकरी विमान कंपनीची, शिष्यवृत्ती नृत्याची. गाण्यासाठी गाण्याच्या बाहेरचं दार उघडावं लागलं. मुंबईत जॅझ गाऊन न्यूयॉर्कला जायचा सरळ रस्ता तेव्हा नव्हता. गायिकेचा प्रवास-इतिहास लिहिताना तिच्या गुरूंची यादी जितकी महत्त्वाची, तितकीच तिच्या पगारांची यादीही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ‘सायन्स फिक्शन’मधली ती दोन गाणी स्टँडर्ड नाहीत. ती कोलमन यांची स्वतःची. तिथे पियानो नाही आणि आधीच ठरलेल्या कॉर्डच्या मालिकेवरून चालण्याची सक्तीही नाही. कोलमन यांनी दहा-बारा वर्षं आधीच ती मालिका टाकून दिली होती आणि त्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता. म्हणजे बघा: हिंदुस्थानी गायकीत घडलेला कान जॅझच्या ज्या खोलीत सगळ्यात ठळकपणे ऐकला गेला, ती खोली हलत्या कॉर्डची नव्हती. हा योगायोग आहे की त्यामागे काही कारण आहे? माझा तर्क असा की हलता पाया काढून टाकला की रागात वाढलेल्या गळ्याचं सगळं भांडवल, म्हणजे लांब श्वास, मींड, एकेका सुराचं वजन, जसंच्या तसं वापरता येतं. तर्कच आहे. पुथली मुंबईत रेडिओवर ऐकून स्टँडर्ड शिकल्या होत्या हे याच्या विरुद्ध जाणारंही असू शकतं. पण संशोधन-प्रश्न असाच दिसतो: दोन रेकॉर्डिंगं समोर ठेवता येतात आणि कोणीतरी मला खोटं पाडू शकतं. ‘फ्यूजनचा सांस्कृतिक अभ्यास’ या शीर्षकाला कोणी खोटं पाडू शकत नाही, हीच त्याची अडचण आहे.

आता समजा, तुम्हाला आजच्या गायिकेचा अभ्यास करायचा आहे. कल्पना करा की ती पेणमध्ये राहते, विशारद झालेली आहे, घरी गाण्याचे वर्ग घेते. तिच्या वर्षाचं वेळापत्रक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवर आणि सणांवर चालतं: परीक्षांच्या आधी विद्यार्थ्यांची गर्दी, गणपतीत भक्तिगीतांचे कार्यक्रम, दिवाळी पहाट, मधूनमधून एखादी बैठक. ती स्टँडर्ड गायला लागली तर काय काय बदलेल, ते आपण कागदावर मांडू.

पहिलं, वही. बैठकीला दोन राग आणि एखादी ठुमरी किंवा अभंग एवढं तयार असलं तरी संध्याकाळ निभते, कारण एकेक राग तासभर चालतो. जॅझमध्ये एक गाणं पाच-सात मिनिटांचं. रात्रीचे दोन सेट म्हटले तरी पंधरा-वीस गाणी लागतात आणि तीच तीच दर आठवड्याला चालत नाहीत. प्रत्येक गाण्याचे इंग्रजी शब्द पाठ, प्रत्येकाचा साचा पाठ. अस्ताई-अंतऱ्याच्या वहीच्या जागी चार्टचं बाड येतं. बॉस्टनमध्ये सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांनी अशा चार्टांचं एक बेकायदा पुस्तक फिरवायला सुरुवात केली, ‘रिअल बुक’ नावाचं. ते पुढे 2004 मध्ये कायदेशीर झालं. जगभर वाजवणारे त्यातल्याच पट्ट्या धरून चालतात, पण त्या पट्ट्या बायकांच्या गळ्याला पुष्कळदा जमत नाहीत. आपल्याकडे बाई काळी चार किंवा काळी पाच धरते आणि पेटीवाला निमूट तीच धरतो. इथे तिला आधी सांगावं लागतं की मला हे गाणं अमुक पट्टीत हवं, आणि त्या पट्टीतला चार्ट बरोबर न्यावा लागतो. तो लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो, त्याला पैसे द्यावे लागतात. पुन्हा तोच पेन्सिलवाला माणूस!

दुसरं, मंचावरची जागा. डॅनियल न्यूमन यांच्या ‘द लाइफ ऑफ म्यूझिक इन नॉर्थ इंडिया’त (1980) मुख्य कलाकार आणि संगतकार यांच्यातली उतरंड सविस्तर आहे. ख्यालात गायिका मध्यभागी, सगळे तिच्या मागे. जॅझमध्ये ती चाल एकदा गाते आणि मग सॅक्सोफोन, पियानो, बॅस, सगळ्यांच्या पाळ्या येतात. तोवर तिने करायचं काय? हात कुठे ठेवायचे? ऐकायला गंमत वाटेल, पण तासभर मध्यभागी बसण्याची सवय असलेल्या माणसाला ती चार-पाच मिनिटं फार मोठी वाटतात. आणि बँडमध्ये चार्ट वाचता न येणारी ती एकटीच असेल तर उतरंड सरळ उलटी होते. वीस वर्षांचा पियानोवाला विशारद झालेल्या बाईंना सांगतो, ‘ताई, तुम्ही ब्रिजला एक बार लवकर आलात.’

तिसरं, वेळ आणि अंतर. ही गोष्ट प्रस्तावात कोणी लिहीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त ठरवते तीच. वर्ग संध्याकाळी असतात, जॅझही संध्याकाळीच. पेण आणि रोहा दिवा मार्गावर आहेत, रोह्याला तर कोकण रेल्वे सुरू होते. नकाशावर मुंबई जवळ दिसते. पण दुसरा सेट रात्री अकराला सुरू होतो तेव्हा इकडची शेवटची गाडी कधीच गेलेली असते. मग मुक्काम कोणाकडे? की मानधनातले पैसे टॅक्सीला? दुसऱ्या दिवशी सकाळच्या खर्जाच्या रियाजाचं काय? आणि आई-बाप मुलींना पाठवतात ते ‘भजन छान शिकवतात’ म्हणून. बाई रात्री बारमध्ये इंग्रजी गाणी गातात हे कळल्यावर किती विद्यार्थी टिकतील, हा तिच्यासाठी कलेचा नाही, घरभाड्याचा प्रश्न आहे. गुरूंना कधी आणि कसं सांगायचं हा त्याहून नाजूक.

चौथं, आवाज. मैफिलीचा खुला आवाज आणि माइकला ओठ लावून जवळजवळ बोलल्यासारखं गाणं ही गळ्याची दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच आठवड्यात करायची म्हणजे गळ्याची मशागतही दुहेरी. यावर मी वेगळं लिहीन.

हे सगळं गोळा कसं करायचं? मुलाखतीतला पहिला प्रश्न ‘तुम्हाला जॅझकडे का वळावंसं वाटलं?’ हा नको. त्याचं उत्तर प्रत्येक कलाकाराकडे तयार असतं, आधीच दहा पत्रकारांना दिलेलं. त्याऐवजी गेल्या वर्षाची डायरी मागा. कोणत्या तारखेला कुठे गायलात, किती गाणी, कोणत्या पट्टीत, बरोबर कोण, तालमी किती, मानधन कोणी दिलं, परत कसे आलात. रॉबर्ट फॉकनर आणि हॉवर्ड बेकर यांचं ‘डू यू नो?’ (2009) वाचा. दोघेही समाजशास्त्रज्ञ आणि दोघेही पैशासाठी जॅझ वाजवलेले. एकमेकांना न ओळखणारे वादक रात्री एकत्र येऊन तालमीशिवाय कसे वाजवू शकतात, एवढाच त्यांचा प्रश्न. त्या एका प्रश्नातून ‘रेपरटॉयर’ म्हणजे यादी नसून रोज चालणारा व्यवहार आहे, हे ते दाखवतात. आपल्याकडचं वाचायचं तर अशोक दा. रानडे. त्यांनी संगीताच्या कोटी पाडताना संगम-संगीत अशी वेगळी कोटी मानली. ‘फ्यूजन’ऐवजी काय म्हणू, असं मार्गदर्शकांनी विचारलं तर तिथून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. कोटी म्हणजे कप्पा, कप्प्यात ठेवून माणसाचं काम कळत नाही.

आणि तालमीला बसा. मंचावरचा कार्यक्रम नको, तालीमच. गायिका कुठे अडते, कोण तिला काय शब्दांत सांगतं, ती उत्तर देताना सरगम वापरते की इंग्रजी सुरांची नावं, हे तिथेच ऐकू येतं. ‘इथे माझा सा कुठे आहे?’ असं तिने विचारलं तर वेळ लिहून ठेवा. महिन्याभराने ती तोच प्रश्न विचारते का ते बघा.

नैतिकतेच्या फॉर्मबद्दल शेवटी लिहिते आहे, पण तुम्ही तो आधी भरा. ‘सहभागी व्यक्तींची नावं बदलली जातील’ असं छापील वाक्य त्यात असतं. मुंबईच्या अभ्यासात ते पुरतं. तालुक्याच्या गावात ‘जॅझ गाणारी विशारद बाई’ असं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही, ती एकच असते. गावाचं नाव काढून ‘कोकणातलं एक शहर’ लिहिलंत तर गाडीचा, अंतराचा, वर्गांचा सगळा मुद्दाच मोडतो. मी यावर शोधलेला मार्ग असा: कोणते तपशील छापले तर विद्यार्थी जातील, कोणते छापले तर गुरू दुखावतील आणि कोणते छापले तर क्लबवाला पुन्हा बोलावणार नाही, अशा तीन याद्या त्या व्यक्तीबरोबर बसून करायच्या. मसुदा झाला की त्या याद्या घेऊन पुन्हा भेटायचं आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवायची. मराठीत वाचून दाखवायची, प्रबंध इंग्रजीत असला तरी. वेळ खूप जातो. वेळापत्रक आखताना यासाठी निदान दोन महिने वेगळे धरा आणि त्यांत गणपतीचे दिवस येऊ देऊ नका, तेव्हा तिला तुमच्यासाठी अर्धा तासही मिळणार नाही.